नुसते हेडफोन लावून बसले होते म्हणे

गेले काही दिवस नाशिकच्या बऱ्याच ग्रुपांवर १९४६ च्या नौदल बंडाचा, म्हणजे भारतीय खलाशांनी इंग्रजांविरुद्ध केलेल्या बंडाचा, एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की मुंबईच्या तलवार या नौदल केंद्रावरचे टेलिग्राफिस्ट, म्हणजे वायरलेसवर संदेश घेणारे-पाठवणारे खलाशी, दुसऱ्या महायुद्धात सुरक्षित खोलीत हेडफोन लावून बसलेले होते, त्यांनी बंड केलं ते डाळभातासाठी, आणि स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मानाने परत घेतलं. देवळालीच्या लष्करी केंद्रामुळे आपल्याला तोफखाना तरी माहितीये, नेव्हीचं काहीच कानावर येत नाही, म्हणून लोक विश्वास ठेवतात. पण हे तिन्ही चूक आहे आणि तिसरं तर मला फार लागलं.

सुरक्षित खोली म्हणजे काय तर जहाजातली लोखंडी बंद कोठडी, बाहेर हल्ला झालाय की काय ते दिसत नाही. ताफा चालताना रेडिओ सायलेन्स, म्हणजे आपण काही पाठवायचं नाही नाहीतर शत्रूला आपली दिशा कळते, पण ऐकत मात्र राहायचं, खरखरीतून मोर्स (टिंब-रेघांची संदेश-लिपी) पकडायचा आणि सांकेतिक अक्षरांचे गट जसेच्या तसे उतरवायचे, त्यांचा अर्थ लागत नसतो म्हणून सुटलेलं अक्षर अंदाजाने भरताही येत नाही. आणि जहाजावर हल्ला झाला की मदतीचा मेसेज यांनीच पाठवायचा. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात आपल्या नौदलाच्या साडेसहाशे टनांच्या 'बेंगाल' जहाजावर आणि तिच्यासोबतच्या 'ओंडिना' टँकरवर दोन जपानी जहाजं चालून आली, प्रत्येक दहा हजार टनांच्या वरची, आणि त्यातलं एक बुडालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपलीच युद्धनौका 'इंडस' ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ जपानी विमानांनी बुडवली. यात सुरक्षित कोण होतं सांगा ना.

डाळभाताचं म्हणाल तर जेवण वाईट होतं हे खरंच, १८ फेब्रुवारीला सुरुवात तिथूनच झाली. पण मागण्या वाचा: आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत आणणं, गोऱ्या खलाशांइतका पगार. आणि त्याच्या आधीच, डिसेंबर १९४५ मध्ये, तलवारच्या भिंतींवर 'क्विट इंडिया' रंगवलेलं होतं. बी. सी. दत्त हा टेलिग्राफिस्ट २ फेब्रुवारीला पकडला गेला तो घोषणांमुळे, थाळीमुळे नाही. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट. तलवार हे सिग्नल शिकवायचंच केंद्र, त्यामुळे वायरलेस यांच्याच हातात होता, बातमी जहाजाजहाजांवर गेली आणि काही दिवसांत वीसेक हजार खलाशी संपात उतरले, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र लावून. मुंबईत लोक पाठिंब्याला रस्त्यावर आले तेव्हा गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. एवढं सगळं डाळीसाठी?

आणि आता ते "मानाने परत घेतलं". सरदार पटेलांनी सूड घेतला जाणार नाही असा भरवसा दिला, त्यावर २३ फेब्रुवारीला खलाशी शरण आले. त्यानंतर अटका झाल्या, शेकडो जण काढून टाकले गेले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही, पाकिस्तानच्या नौदलानेही नाही. दत्त मुंबईत फ्री प्रेस जर्नलमध्ये पत्रकार झाले, नंतर जाहिरात क्षेत्रात गेले. त्यांना निदान लिहिता येत होतं म्हणून जमलं, बाकीच्यांकडे मोर्सचं कौशल्य आणि नोकरीतून काढल्याचा शिक्का एवढंच. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनमध्ये हे बंड धरलं गेलं ते खूप उशिरा आणि कुलाब्याला स्मारक झालं २००१ मध्ये, तोवर त्यातले कितीतरी जण हयात नव्हते.

ज्याने हा मेसेज टाकलाय त्याने तो डिलीट करावा, आणि ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी निदान हे तरी त्याच ग्रुपवर टाकावं.