एकोणीस-वीसचा फरक

भोसरीत किंवा चाकणला शेड घेतलीत? अभिनंदन. वास्तुशांत झाली, मशिनला हळदकुंकू लागलं, आता कामगार कायद्याकडे वळू. लोक उगाच त्याला अवघड म्हणतात. ज्याला उजळणी येते त्याला तो येतो. सगळा कायदा आकड्यांवर उभा आहे. आपण फक्त प्रत्येक आकड्याच्या एक पायरी अलीकडे थांबायचं.

पीएफ वीस माणसांपासून लागतो, म्हणून मस्टरवर माणसं एकोणीस. शॉप फ्लोअरवर कितीही असोत. विसावा दिसला तर तो ठेकेदाराचा, एकविसावा ट्रेनी (गेली चार वर्षं), बाविसावा शेजारच्या गाळ्यातला, जो निव्वळ मैत्रीखातर आपली लेथ चालवतो. ठेकेदाराची माणसंही कायदा मोजतो म्हणे, पण त्यासाठी आधी कोणीतरी मोजायला यावं लागतं.

पुढचा आकडा २४०. बारा महिन्यांत एवढे दिवस भरले की माणूस सलग नोकरीत धरतात. मग त्याला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तेव्हा २३०च्या आसपास ब्रेक द्यावा. तोही संस्कृती जपून. आळंदीहून माउलींची पालखी निघाली की त्यालाही निघायला सांगावं. त्याला वारी घडते, तुम्हाला पुण्य लागतं आणि तो परत येतो तो दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर, म्हणजे पुनर्जन्मच की.

मोजताना रविवार तेवढे विसरू नका. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तेवढ्यावर भागलं असतं, पण १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पगारी रविवारही २४० मध्ये धरायला लावले. जोतिबांच्या तालमीतला माणूस तो; पंचाण्णव वर्षांनी आपली वही बिघडवून गेला.

असल्या ब्रेकला महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्यात ‘अनुचित कामगार प्रथा’ म्हणतात. म्हणू द्या. ती सिद्ध करायला कामगाराने कोर्टात खेपा घालायच्या. दर तारखेला एक खाडा, आणि खाडे वाढले की दिवस आपोआपच कमी.

ईएसआय, म्हणजे कामगाराचा सरकारी विमा, मात्र दहापासूनच लागतं, तिथे एकोणीसचं कौतुक चालत नाही. पगाराचा पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के तुमचे. दरमहा सव्वातीन टक्के, आणि माणूस तर धडधाकट! म्हणून जाणती मंडळी त्याची नोंदणी राखून ठेवतात. पॉवर प्रेसचा सेन्सर बंद ठेवला की माल जास्त निघतो, तोही बंदच. मग एखाद्या सकाळी साडेदहाला बोट जातं. कोणी हातरुमाल गुंडाळतं, कोणी भुशात ते बोट शोधतं, आणि ऑफिसात त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधतात. दुपारच्या जेवणाच्या आत ईएसआयचा नंबर आलेला असतो. सकाळी बोट, दुपारी नंबर. क्रम चुकवू नये.

आता २१ नोव्हेंबर २०२५पासून एकोणतीस कायद्यांच्या चार संहिता लागू झाल्यात, आणि काही शेटजींची झोप उडाली आहे. अपॉइंटमेंट लेटर म्हणे प्रत्येकाला द्यायचं. बेसिक चिमूटभर आणि भत्ते ढीगभर हा आपला जुना पारंपरिक खेळ, भत्ते पगाराच्या निम्म्यावर आणून थांबवला. ठरावीक मुदतीवर घेतलेल्यालाही वर्षात ग्रॅच्युइटी. नोकरी सुटली की कामाच्या दोन दिवसांत हिशेब चुकता! इथे सहा-सहा महिने ‘साहेब बाहेर गेलेत’ सांगून घडवलेली रिसेप्शनिस्ट आहे, तिने आता काय करायचं? पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. कारखान्यात कपात करायला सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागायची, ती आता तीनशेपासून लागते. म्हणजे २९९पर्यंत मोकळं रान. आपण एकोणीसवाले, पण माणसाने मोठं व्हायचं स्वप्न बघावं.

एवढं सगळं जमवलंत तरी एक माणूस तुम्हाला बुडवेल: चहावाला. माझ्या माहितीतल्या एका शेडमध्ये मस्टर एकोणीसचं होतं, आणि गेटजवळ खिळ्याला टांगलेल्या चहाच्या वहीत सकाळी सव्वीस कटिंग, दुपारी सव्वीस कटिंग. प्रत्येक शनिवारी खाली मालकाची झोकदार सही. तेव्हा उद्यापासून एकोणीसच चहा सांगा, आणि उरलेल्या सात जणांना अ‍ॅसिडिटी आहे असं त्या वहीत लिहून ठेवा.