ढग अडकत नाही, पट्टा अडकतो

जुलै लागला की ठरलेला मेसेज फिरू लागतो: ‘पाण्याने भरलेला ढग सह्याद्रीला धडकला, तिथेच अडकला आणि फुटला. डोंगर जितका उंच तितका पाऊस जास्त.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी.

धडकण्याचं आधी बघू. ढग म्हणजे काही पखाल नव्हे. भर पावसात नाणेघाटात गेलात तर कड्यावरून सुटलेलं पाणी खाली न पडता उलटं उडून तोंडावर येतं. तो उलटा धबधबा बघायला गर्दी लोटते, पण तिथे दिसतो तो कोकणातून येऊन कडा चढणारा वारा. वर चढताना हवा पसरते, गार होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात. म्हणजे घाटावरचा बराचसा ढग बाहेरून येऊन आदळत नाही, तिथेच तयार होतो.

‘अडकला’ हा शब्द जास्त फसवा. रडारवर पावसाचा पट्टा तासन् तास एका जागी दिसतो, म्हणून ढगही तोच असं वाटतं. ओढ्यातल्या दगडापाशी पाण्याचा उंचवटा जागचा हलत नाही, पाणी मात्र दर क्षणी नवं असतं. इथेही एक ढग बरसत घाटमाथ्यापलीकडे जातो आणि मागे त्याच जागी दुसरा उगवतो. गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा असला आणि ओला पश्चिमी वारा जोरात, दिशा न बदलता वाहत राहिला, की हे रहाटगाडगं थांबत नाही. वारा मंदावला तर हवा कडा चढण्याआधीच कोंडते आणि मुसळधार खाली कोकणात, कधी समुद्रावरच पडते.

उंचीचं गणित पाचगणीला जाऊन तपासा. महाबळेश्वरपासून पूर्वेला वीसेक किलोमीटर, उंचीही जवळपास तेवढीच, पाऊस मात्र तिसरा हिस्सा! तिथवर येईतो हवा बरसून रिकामी झालेली असते.

राहिली ढगफुटी. हवामान खातं तासाला १०० मिलिमीटरच्या पावसाला ढगफुटी म्हणतं. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला, म्हणजे सरासरी तासाला पंचवीस. अधूनमधून जोर वाढला असेल, पण एवढा आकडा झाला तो पाऊस हटलाच नाही म्हणून. त्याच दिवसांत वाशिष्ठी नदीने चिपळूण बुडवलं आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली.