चालू आणि बंद यांच्या मध्ये आम्ही आहोत

डॉक्टर म्हणून असलेल्या माझ्या नोंदणीच्या नूतनीकरणाची चौकशी करण्यासाठी काल राज्याच्या वैद्यकीय परिषदेच्या कार्यालयात फोन केला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी मला विचारले, "मॅडम, रिटायर झालात ना? मग नोंदणीचा नंबर कशाला चालू ठेवता?" मी विचारले होते ते एवढेच, की ज्यांनी स्वतःचे क्लिनिक बंद केले आहे, पण आठवड्यातून दोन दुपारी धर्मादाय दवाखान्यात विनामोबदला बसतात, अशा डॉक्टरांसाठी कमी शुल्काची काही सोय आहे का. त्यावर मला सांगण्यात आले की फॉर्मवर 'प्रॅक्टिस चालू' आणि 'प्रॅक्टिस बंद' असे दोनच पर्याय आहेत, त्यांतला एक निवडा. 'चालू' निवडले तर दिवसाला शंभर रुग्ण तपासणारा तरुण भरतो तेवढेच शुल्क मी भरायचे, आणि 'बंद' निवडले तर रक्तदाबाची तीच गोळी पुढे चालू ठेवण्याची चिठ्ठीसुद्धा लिहायची नाही. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी "दोन-चार पेशंटसाठी एवढा त्रास कशाला, आता आराम करा," असा सल्लाही दिला. मी कधी आराम करावा हे ठरवण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला? दवाखान्यात येणाऱ्यांना तो 'दोन-चार पेशंट' म्हणतो, याचा मला शुल्कापेक्षाही अधिक संताप आहे.

ही माणसे कोण आहेत ते त्याने एकदा येऊन पाहावे. शेतमजुरी करणाऱ्या बायका आहेत, ज्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्टीचा उरलेला कोपरा पदराच्या गाठीतून काढून माझ्यासमोर धरतात. त्यावर औषधाचे नाव नसते, फक्त तारखेचे अर्धे आकडे असतात, आणि मग गोळीचा रंग, आकार आणि जुना केसपेपर यांवरून काय चालले होते ते शोधून काढावे लागते. पायाला झालेली जखम दुखत नाही म्हणून दाखवायची राहून गेलेली असते. हे काम सावकाशीने करावे लागते, आणि ती सवड आज ज्यांच्याकडे आहे ते प्रामुख्याने आम्ही निवृत्त लोकच आहोत.

नोंदणीशिवाय व्यवसाय करू नये हा कायदा मला पूर्ण मान्य आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार नोंदणी नसताना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि भोंदूंचा सुळसुळाट पाहता ते योग्यच आहे. म्हणूनच मी नंबर चालू ठेवते. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे ज्ञान अद्ययावत ठेवल्याचे गुण, मिळवण्याच्या अटीलाही माझा विरोध नाही. वय झाले म्हणून ज्ञानात सूट मागणारा डॉक्टर रुग्णाला धोकादायक असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती क्रेडिट जिथे मिळतात ती डॉक्टरांची संमेलने तारांकित हॉटेलांत भरवायची, प्रतिनिधी शुल्क भरमसाट ठेवायचे, आणि मूत्रपिंड कमजोर झालेल्या वृद्धाला मधुमेहाचे कोणते औषध किती द्यावे हे सांगायच्या वेळी व्यासपीठावर रोबोटिक शस्त्रक्रियेची चित्रफीत दाखवायची, हे मला अजिबात मान्य नाही.

विलंब शुल्काचा प्रकार तर उघड अन्याय आहे. माझी पदवी माहेरच्या नावाने आहे आणि आधार कार्ड सासरच्या नावाने. हे जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. विवाह प्रमाणपत्र मागच्या नूतनीकरणातच त्यांच्या दप्तरी जमा आहे, तरी ते पुन्हा मागितले, आणि या फेऱ्यात मुदत उलटली तेव्हा दंड मात्र माझ्या माथी मारला. लग्नानंतर नाव बदललेल्या किती जणींना हा जाच सोसावा लागत असेल! रुग्णाने भरपाईचा दावा केला तर उपयोगी पडणाऱ्या व्यवसाय विम्याच्या हप्त्याचीही हीच रड आहे. मी शस्त्रक्रिया करत नाही, प्रसूती करत नाही, तरी कमी कामाचा कमी हप्ता असे काही कोणी समोर ठेवत नाही.

मार्च २०२० आठवा. करोना आला तेव्हा केंद्र सरकारने निवृत्त डॉक्टरांना स्वयंसेवक म्हणून पुढे येण्याचे आवाहन केले होते. तेव्हा कोणी आम्हाला आराम करा म्हणाले नाही. त्याच महिन्यात रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत काढून घेतली. संकटात आम्ही राष्ट्राचा आधार असतो, आणि खिडकीपाशी उभे राहिलो की ओझे ठरतो.

विनामोबदला बसणाऱ्या निवृत्त डॉक्टरांना शुल्कात सवलत देणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केवळ विनामोबदला सेवेसाठी परवाना चालू ठेवणाऱ्या डॉक्टरचे नूतनीकरण शुल्क माफ होते. फ्लोरिडात निवृत्त डॉक्टरांसाठी मर्यादित परवाना आहे. जिथे डॉक्टरांची चणचण आहे तिथे काम करायचे, आणि मोबदला घेत नसाल तर अर्जाचे शुल्क नाही. पैशांच्या हिशेबाने चालणाऱ्या त्या देशाला हे सुचते, मग आपल्या परिषदांना फॉर्मवर तिसरा पर्याय छापणे का जमू नये?

त्या पर्यायाला मर्यादा घाला, मी स्वतः त्यांवर सही करेन. शस्त्रक्रिया नको, भूल नको, खासगी फी नको, तासांची कमाल मर्यादा हवी, क्रेडिट मात्र पूर्ण हवीत, आणि दवाखान्याच्या विश्वस्तांचे पत्र दरवर्षी जोडायचे. पूर्ण शुल्क आणि दंड मी आज भरला आहे, कारण परवा दवाखान्याचा वार आहे आणि त्या बायकांना चिठ्ठी हवी आहे. माझ्याबरोबर बसणाऱ्या दोघांनी मात्र या वर्षी 'बंद' वर खूण केली, आणि त्यांच्या वारी आता तिथे डॉक्टर नाही.