पीसी ड्रिपर म्हणजे न गळणारा ड्रिपर नव्हे

हरितगृहात पीसी (प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर लावले की पंप बंद झाल्यावर लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी, गळत नाही आणि फिल्टरचीही गरज उरत नाही, असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पीसी ड्रिपरमधली सिलिकॉनची पडदी दाब साधारण १ ते ४ बार असेपर्यंत प्रवाह सारखा ठेवते, एवढंच तिचं काम. दाब उतरला की नळी ड्रिपरमधूनच रिकामी होते आणि ते पाणी उताराकडच्या कुंड्यांना जास्तीचं मिळतं. कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) दिवसातून अनेकदा, दोन-तीन मिनिटांचंच पाणी देतात. त्यातला वेळ दर वेळी नळी भरण्यातच गेला, तर टोकाची रोपं तहानलेली राहतात. त्यासाठी नॉन-लीक, म्हणजे सीएनएल ड्रिपर वेगळा मागावा लागतो. तो किती दाबाला बंद होतो, हेही माहितीपत्रकात बघून घ्या.

फिल्टर तर हवाच, बहुतेक ड्रिपरना १२० मेशचा (मेश म्हणजे जाळीच्या बारीकपणाचं माप). पडदीखाली वाळूचा एक कण अडकला तरी ती नीट बसत नाही. आणि कृपा करून ड्रिपर टोचण्याआधी लॅटरलची टोकं उघडून नळी धुऊन काढा. पाइप कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस आतच असतो.