दोन लाखांचा गेन

इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला एक खोड लागलेली असते. एखादी वस्तू चालेनाशी झाली की तो तिला शिव्या देत नाही आणि नशिबालाही बोल लावत नाही. तो मल्टिमीटर काढतो आणि इनपुटपासून एकेक टप्पा तपासत पुढे सरकतो. सप्लाय येतो का, क्लॉक आहे का, सिग्नल कुठवर पोचतो आणि कुठे गडप होतो, एवढे कळले की बिघाड सापडलाच म्हणून समजावे. उमेदीची सारी वर्षे या खोडीवर पोट भरल्यानंतर माझा मल्टिमीटर ज्या यंत्रणेपुढे प्रथमच निरुपयोगी ठरला, ती म्हणजे ऑनलाइन नोकरी शोधण्याची यंत्रणा. तिच्यात अर्ज आत जाताना दिसतो. पुढे त्याचे काय होते हे पाहायला प्रोब टेकवावा, तर तिच्यावर एकही टेस्ट पॉइंट ठेवलेला नाही.

भोसरीच्या ज्या कंपनीत मी बॅटरी चार्जर आणि औद्योगिक पॉवर सप्लाय डिझाइन करत होतो, तिने पुण्यातले उत्पादन बंद करून सगळा बाडबिस्तरा परराज्यात हलवला. मुलांच्या शाळा आणि पत्नीची नोकरी पुण्यात असल्यामुळे मी त्या बाडबिस्तऱ्यात बसू शकलो नाही. मागच्या वेळी मी नोकरी शोधली होती ती वर्तमानपत्रातल्या ‘पाहिजेत’च्या चौकटींभोवती पेन्सिलीने गोल काढून आणि प्रमाणपत्रांची फाइल काखोटीला मारून. एमआयडीसीतल्या प्रत्येक गेटवर वॉचमन अडवायचा, हे खरे. पण तो निदान ‘साहेब जेवायला गेलेत’, ‘जागा कालच भरली’ किंवा ‘इथे कशाला येता, पगार वेळेवर होत नाहीत’ असे काहीतरी सांगायचा. त्या वॉचमनची योग्यता मला आता कळते आहे.

ऑनलाइन नोंदणीचा पहिला टप्पा म्हणजे आपला रेझ्युमे अपलोड करणे. तो केला की संगणक तो स्वतः वाचतो आणि सारे रकाने आपोआप भरतो, असे आश्वासन संबंधित संकेतस्थळावर मोठ्या प्रेमाने दिलेले होते. संगणकाने तो खरोखरच वाचला. माझे नाव ‘करिक्युलम व्हिटे’ असे नोंदवले गेले, आडनाव रिकामे राहिले आणि ‘सध्याचा हुद्दा’ या रकान्यात ‘24 व्होल्ट, 10 अँपिअर’ असे आले. काही सहकाऱ्यांच्या हुद्द्यांच्या मानाने ते अधिक नेमके होते, पण तसे ठेवून चालणार नव्हते. म्हणून सारे पुसून हाताने भरायला बसलो आणि विद्यापीठापाशी अडकलो. पुणे विद्यापीठाची स्थापना 1949 सालची. त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले ते 2014 साली. माझी पदवी त्याआधीची असल्यामुळे मी यादीतून जुने नाव निवडले, तर त्या नावाखाली इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन ही शाखाच नव्हती. नव्या नावाखाली ती होती. मात्र तिथे उत्तीर्ण झाल्याचे वर्ष 2014 च्या अलीकडचेच घेतले जात होते. म्हणजे ईएनटीसीचा पदवीधर व्हायचे, तर मला आणखी काही वर्षे नापास होत राहायला हवे होते.

गुणांची तीच कथा. आमच्या वेळी 66 टक्क्यांना डिस्टिंक्शन म्हणत आणि त्यावर पेढे वाटले जात. फॉर्मला मात्र टक्के नको होते, दहापैकी सीजीपीए हवा होता. टक्क्यांना साडेनऊने भागावे असे एक मत पडले, सरळ दहाने भागावे असे दुसरे. दोन्ही आकडे पेढ्यांच्या लायकीचे दिसेनात. त्यानंतर बारावीचे विषयवार गुण विचारले गेले. बारावीत मला केमिस्ट्रीला किती गुण होते, हे माझ्या आईलाही आता आठवत नाही, आणि तिला माझ्या आयुष्यातले झाडून सारे अपमान तोंडपाठ आहेत.

एवढे सोपस्कार उरकल्यावर प्रत्यक्ष शोधाला सुरुवात झाली. ‘इलेक्ट्रॉनिक्स’ असे टाकले, तेव्हा टीव्ही-फ्रिजच्या शोरूममध्ये सेल्समनच्या जागांचा पाऊस पडला. ‘पीसीबी’, म्हणजे ज्यावर सर्किट आखतात तो बोर्ड, असे टाकले, तेव्हा लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी शिकवणाऱ्यांना चांगली मागणी असल्याचे समजले, आणि केमिस्ट्रीची आठवण ताजी असल्यामुळे मी तिथून घाईने बाहेर पडलो. मग म्हटले, ‘ईएमसी’ टाकावे. आपले उपकरण शेजारच्या उपकरणाला उपद्रव देत नाही ना आणि शेजाऱ्याचा उपद्रव मुकाट्याने सोसते ना, याची ही चाचणी. (गृहनिर्माण संस्थेत सभासदत्व देण्यापूर्वी ती सक्तीची करावी, असे माझे जुने मत आहे.) या चाचणीसाठी चार्जरची खोकी घेऊन मी कधी ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेच्या, तर कधी वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयच्या प्रयोगशाळेत दिवसचे दिवस बसलेलो आहे. पण ईएमसी नावाची एक अमेरिकन कंपनी संगणकातली माहिती साठवण्याची यंत्रे बनवत असे आणि 2016 साली ती डेलने विकत घेतली. त्यामुळे माझ्यासमोर उलगडल्या त्या स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागा, आणि त्याही रात्रपाळीच्या.

अशा वेळी नातेवाईक स्वस्थ बसत नाहीत. साताऱ्याच्या मामांनी फोन करून सांगितले, “अरे, सरकारने चिपसाठी 76 हजार कोटी काढलेत, आणि तू इलेक्ट्रॉनिक्सवाला असून घरी बसतोस? लोक काय म्हणतील?” मामांचा आकडा बरोबर होता, सेमीकंडक्टर मिशनची ती तरतूद 2021 सालची. त्यांना चिपच्या कारखान्यांची गुजरातमधली साणंद आणि धोलेरा ही गावेही पाठ होती. मी त्यांना शांतपणे सांगितले की चिपवाल्यांचा सारा व्यवहार नॅनोमीटरचा असतो. माझी हयात पाच-पाच किलोच्या ट्रान्सफॉर्मरच्या सहवासात गेली. मामा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग नॅनोमीटर शिकून घे की! पंधरा दिवसांचा क्लास असेल.” गंमत म्हणजे त्याच संध्याकाळी संकेतस्थळानेही मला तसाच एक क्लास सुचवला. मामांचे आणि त्या संगणकाचे काही आतून संधान असावे.

जाहिराती नव्हत्याच असे मात्र नाही. चाकणच्या बाजूची एक ‘झपाट्याने वाढणारी’ कंपनी इलेक्ट्रिक दुचाकी बनवत होती आणि तिला बॅटरी मॅनेजमेंटसाठी माणूस हवा होता. उमेदवाराला सर्किट डिझाइन करता यावे, चार थरांचा बोर्ड ऑल्टियममध्ये स्वतः आखता यावा, एम्बेडेड सी लिहिता यावे, कॅन बस, ऑटोसार आणि आयएसओ 26262 यांची जाण असावी, सोल्डरिंगला हात बसलेला असावा, व्हेंडरशी घासाघीस करता यावी, ग्राहकाची गाडी रस्त्यात बंद पडल्यास तिथे जाऊन ती चालू करता यावी आणि सवड मिळेल तशी कंपनीच्या सोशल मीडियासाठी पोस्टरे बनवता यावीत, अशा माफक अपेक्षा होत्या. अनुभव : 0 ते 1 वर्ष. वेतन : उद्योगक्षेत्रातील सर्वोत्तम, म्हणजे सांगण्याजोगे नाही. शेवटची अट स्वतःची दुचाकी असण्याची होती. दुचाकी बनवणाऱ्याने उमेदवाराकडे दुचाकी मागावी, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. कदाचित तिथे कामाला जाणाऱ्याला कामावर वेळेत पोचायचे असेल.

मी अर्ज करत राहिलो आणि पलीकडून काहीही येत नव्हते. नकारसुद्धा नाही. तेव्हा एका रात्री माझ्या लक्षात आले की ही तर साधी 741 ची केस आहे. 741 हा 1968 सालचा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारा चिप. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने प्रयोगशाळेत निदान एक तरी जाळलेला असतो. त्याच्या दोन इनपुटांमध्ये जो फरक असेल तो हा चिप सुमारे दोन लाख पटींनी वाढवतो, आणि या पटीला गेन म्हणतात. त्याला तसाच मोकळा सोडला, तर मिलिव्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या फरकानेही त्याचे आउटपुट एकदम छताला जाऊन चिकटते किंवा तळाला बसते. अधलेमधले काही तो जाणत नाही. त्याला ताळ्यावर आणायचे, तर आउटपुटचा काही भाग उलटा फिरवून इनपुटकडे परत द्यावा लागतो. ही युक्ती बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना 1927 साली फेरीबोटीने कामावर जाताना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी तिची आकृती खरडली. नोकऱ्यांच्या संकेतस्थळांना ती अद्याप कोणी कळवलेली नाही. उमेदवाराला काय कमी पडले, कुठे कमी पडले, हे त्याच्याकडे परत येतच नाही. गेन मात्र दोन लाखांचा आहे.

याचा पुरावा लवकरच मिळाला. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा माझा रेझ्युमे पाहून म्हणाला, “काका, यात पायथन नाहीये. पायथन टाका.” मी बॅटरीच्या चाचण्यांचे आकडे रात्रभर नोंदवून ठेवण्यासाठी पायथनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो अनेक वर्षे विनातक्रार चालला होता, त्यामुळे सत्याला सोडून काही होत नव्हते. मी तो एक शब्द घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत असतानाच फोन वाजू लागला आणि आउटपुट छताला भिडले.

पहिला फोन नोएडाहून एका मुलीचा होता. “सर, जँगो आता है आपको?”

जँगो हे पायथनमध्ये वेबसाइट बनवण्याचे साधन. मी चार्जर बनवतो, असे सांगितल्यावर तिने उत्साहाने विचारले, “मोबाइल का?”

“नहीं, फोर्कलिफ्ट का.”

“सर, ये रिमोट जॉब है, इसमें लिफ्ट का इश्यू नहीं है,” तिने धीर दिला, आणि नोटिस पीरियड किती असे विचारले. कंपनीच इथे राहिली नाही तर नोटीस कोणाला द्यायची, असे मी म्हणताच ती आनंदून म्हणाली, “तो सर, इमिजिएट जॉइनर लिख दूँ?” त्या दिवसापासून मी उत्तर भारतातल्या कुठल्याशा यादीत तत्काळ उपलब्ध असलेला वेब डेव्हलपर आहे.

एका ठिकाणी चार्जरच्याच जागेसाठी ऑनलाइन परीक्षाही झाली. तिच्यात संख्यांची यादी चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहायचा होता आणि कॅमेरा सतत तोंडावर रोखलेला होता. मला छताकडे पाहिल्याशिवाय विचार करता येत नाही. ‘संशयास्पद हालचाल’ असा इशारा दोनदा देऊन तिसऱ्यांदा त्या परीक्षेने स्वतःच गाशा गुंडाळला.

मला माणूस म्हणून कोणीतरी विचारले ते बुधवार पेठेत. घरच्या जुन्या अँप्लिफायरसाठी 2एन3055 आणायला तपकीर गल्लीत गेलो होतो. दुकानदार जुन्या ओळखीचे, ते चुरगळलेल्या पाकिटातून ट्रान्झिस्टर काढता काढता म्हणाले, “साहेब, सध्या रिकामे आहात का? भोसरीत एकांना माणूस पाहिजे. आठवड्याला डझनभर 3842 नेतात आणि सगळे जाळतात.” यूसी 3842 हा पॉवर सप्लायमधला चिप, तो डझनाने लागतो याचा अर्थ तिथे चिप बदलणारा माणूस आहे, पण बिघाड शोधणारा नाही.

मी गेलो. मालकांनी बारावीचे गुण विचारले नाहीत. त्यांनी टेबलावर एक बोर्ड ठेवला आणि म्हणाले, “बघा हो जरा, हा नुसता टिकटिक करतो.” टिकटिक ऐकूनच अर्धे काम झाले. हा चिप 16 व्होल्ट मिळाले की सुरू होतो आणि सप्लाय 10 व्होल्टच्या खाली घसरला की बंद पडतो. त्याला सुरुवातीचा दम देणारा छोटा कपॅसिटर सुकला, की तो उठतो, धापा टाकतो, झोपतो आणि पुन्हा उठतो. चिपकडे न पाहता मी शेजारचा, चार-पाच रुपयांचा कपॅसिटर बदलला. टिकटिक थांबली, हिरवा दिवा लागला आणि मालक म्हणाले, “सोमवारपासून या.”

एचआरच्या मुलीने मात्र अदबीने सांगितले की, पगारपत्रकावर नाव चढायचे तर अर्ज पोर्टलवरूनच यावा लागतो. मी तो रीतसर भरला. सोमवारी टेबलावर बसून डाग देत असताना त्याच कंपनीचा मेल आला : आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, तथापि आपला अनुभव या पदाशी जुळत नसल्याने आपला अर्ज पुढे नेता येत नाही. मी सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवून तो मालकांना दाखवला.

“मला न विचारता हे कोणी ठरवलं?” ते कडाडले.

“सर, सिस्टिमने,” एचआरची मुलगी म्हणाली.

“बोलवा तिला!”

सिस्टिम आली नाही. तिच्या नियमाप्रमाणे नाकारलेला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक सहा महिने पुन्हा चालत नाहीत, म्हणून शेवटी सर्वानुमते माझा अर्ज माझ्या पत्नीच्या ई-मेलवरून आणि तिच्याच मोबाइलवरून, पायथनसकट, नव्याने भरण्यात आला आणि तो तत्काळ मंजूर झाला. पत्नी शाळेत मराठी शिकवते. काल दहावीच्या वर्गावर उपमा आणि उत्प्रेक्षा समजावून देत असताना तिला नोएडाहून फोन आला. “अहो, जँगो येत नसलं तरी चालेल म्हणाले,” असे तिने घरी आल्यावर सांगितले, आणि त्यांनी देऊ केलेला पगारही. तो माझ्यापेक्षा बराच बरा आहे.