मेयरच्या चित्रातली मारियान: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की फ्रेंच व्यंगचित्रकार आंरी मेयरने चीनचे लचके तोडणाऱ्या सगळ्यांना एका टेबलाशी आणून उघडं पाडलं, आणि मी मात्र माझ्या लेखात त्या चित्राला फ्रान्सचा प्रचार म्हणून मोकळा झालो. तुमची प्रतिक्रिया वाचून काल रात्री ते चित्र पुन्हा मोठं करून पाहिलं. माझं मत तेच राहिलं. का, ते सांगतो.

चित्र 'ल पती जुर्नाल' या फ्रेंच वृत्तपत्राच्या १६ जानेवारी १८९८ च्या अंकातलं. आपल्या गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं ना, त्याच सणाला फ्रान्समध्ये 'राजांचा केक' कापतात. शीर्षकातली कोटी त्यावरच आहे: राजांचा आणि सम्राटांचा केक. केक म्हणजे चीन. ब्रिटनची व्हिक्टोरिया राणी आणि जर्मनीचा कैसर विल्हेल्म एकाच तुकड्यावरून एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत. कैसरची सुरी केकमध्ये खुपसलेली आहे. जर्मनीने नोव्हेंबर १८९७ मध्येच चीनमधला क्याउचौचा उपसागर बळकावला होता. शेजारी रशियाचा झार निकोलस आणि जपान.

आता मारियान बघा, म्हणजे खुद्द फ्रान्स. ती झारच्या जवळ उभी आहे, कारण रशियाशी युती होती. पण कापाकापीत ती नाही. नुसती बघतेय! आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्सने दक्षिण चीनमधल्या क्वांगचौवानवर झेंडा लावला, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. जानेवारीत चित्रकाराला एप्रिल कुठून दिसणार, असं तुम्ही म्हणाल. कबूल. पण टाँकिनसाठी, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामसाठी, फ्रान्स १८८४-८५ मध्ये चीनशीच लढला होता, ते तर त्याच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं.

आणि मागे उभा असलेला तो चिनी अधिकारी. हात वर करून ओरडतोय, पण टेबलाशी त्याला जागा नाही. ज्याचा देश कापला जातोय त्यालाच मेयरने सगळ्यांत हास्यास्पद काढलंय. हे मला फार खुपतं, आणि म्हणूनच या चित्राला साम्राज्यशाहीविरोधी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. 'त्या शतकात कुणी स्वतःच्या सरकारला टोचलंच नाही' हे माझं वाक्य चुकीचं होतं. ब्रिटिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १८०५ चं चित्र मी विसरायला नको होतं. पृथ्वीचं पुडिंग, एका बाजूला ब्रिटनचा पंतप्रधान पिट, दुसऱ्या बाजूला नेपोलियन. खिल्ली नेपोलियनची जास्त आहे. बुटका, जागेवरून अर्धवट उठून तलवारीने युरोप कापतोय. पण पिटही तितकाच खादाड! त्याचा काटा त्रिशूळाच्या आकाराचा, कारण समुद्र ब्रिटनचा, आणि त्याने कापलेला तुकडा नेपोलियनपेक्षा मोठा. गिलरेने आपल्या माणसाच्या हातातली सुरी लपवली नाही. ते वाक्य मी लेखातून काढलंय आणि तिथे हे चित्र लावलंय.