निळी आणि तपकिरी तार कापू नका

शनिवारी परळहून मामाचा फोन आला. "अरे, कॉम्प्युटरचं नेट एकदम मंदावलंय." प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट ९४ च्या वर जाईना. जाऊन बघतो तर लॅन केबलचं टोक सोलून आठपैकी चार तारा कात्रीने उडवलेल्या!

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: केबलमधल्या चार तारा रिकाम्या असतात, कापल्या की स्पीड दुप्पट होतो, केबलमधून वायफायपेक्षा जास्त रेडिएशन निघतं, पावसाळ्यात केबलवाटे वीज घरात येते, आणि वायर जुनी झाली, आता वायफायच वेगवान. मामाची मुलगी घरून काम करते, त्याच कॉम्प्युटरवर. म्हणून हे लिहितोय.

आधी त्या चार तारांचं बघू. केबलमधल्या आठ तारा दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. १०० एमबीपीएसचं जुनं इथरनेट, म्हणजे केबलवरचं नेट, खरंच दोन जोड्यांवर चालायचं, नारिंगी आणि हिरवी. तेवढंच यात खरं. पण १९९९ साली आयट्रिपलई या संस्थेचं ८०२.३एबी हे मानक आलं. तांब्याच्या साध्या केबलवर १००० एमबीपीएस त्यामुळेच मिळतात, आणि त्यात चारही जोड्या एकाच वेळी राबतात, प्रत्येकीवर २५० एमबीपीएस, दोन्ही दिशांना. रिकामी जोडी एकही नाही.

निळी आणि तपकिरी कापली की फार तर १०० मिळतील. तेही नशीब असेल तर. कारण वेग किती ठेवायचा हे राउटर आणि कॉम्प्युटर उरलेल्या दोन जोड्यांवरच ठरवतात. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, दोघांनाही जमतं, म्हणून तेच ठरतं, आणि जोडायला जावं तर निम्म्या तारा गायब. कॉम्प्युटरमधली काही नेटवर्क कार्डं माघार घेऊन १०० वर उतरतात, काहींची लिंक लागतच नाही. मामाचं १०० वर उतरलं. उतरलं नसतं तर सोमवारी ताईचं काम बंद. मामा, कापण्याआधी मला एक फोन केला असतास तर!

रेडिएशनचं म्हणणं तर चक्क उलटं आहे. हवेत रेडिओ लहरी सोडणं हेच वायफायचं काम. केबलमध्ये तारांना पीळ असतो आणि जोडीतल्या दोन तारांवर सिग्नल उलटसुलट जातो, त्यामुळे बाहेर पडणारा परिणाम एकमेकांना मारतो.

विजेचं थोडं मान्य करतो. केबलवाले गच्चीगच्चीवरून तांब्याची केबल ओढायचे तेव्हा गडगडाटात केबल जोडायचे नेटवर्क स्विच जळायचे. आता बहुतेक घरांत फायबर येते. ती काच, तिच्यातून वीज वाहत नाही. तरी जूनच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरमध्ये ढग गडगडू लागले की राउटरचा आणि कॉम्प्युटरचा प्लग काढा. धोका प्लगातूनही येतो.

वायफाय वेगवान? राउटरवरच्या नावातलं '५जी' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, मोबाइलचं ५जी नव्हे. आणि चाळीत, सोसायटीत शेजारच्या दहा राउटरांशी हवा वाटून घ्यावी लागते. केबल तुमच्या एकट्याची.

कुणी तारा आधीच कापल्या असतील तर केबल फेकू नका. खराब टोक छाटून नवा आरजे-४५ कनेक्टर (टोकाचा प्लास्टिकचा प्लग) आठही तारांसकट क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून घ्या. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड बघा. राउटर गिगाबिटचा असेल तर १००० दिसायला हवेत. मामाकडे रविवारी दुपारी दिसले.